चार बोटं पुढे

सोलापूर,
६ एप्रिल २०२५

रामहरी,

शरणु शरणार्थी. पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोन का केला नाही म्हणशील, तर माझे कान तुला माहीत आहेत. बत्तीस वर्षं एसटीच्या इंजिनाशेजारी बसलेला माणूस मी. तू फोनवर बोलायला लागलास की मला नुसती फसफस ऐकू येते. लिहून पाठवावं तर मोबाईल नंदीशने घेऊन दिलेला, आणि त्याच्यातलं सगळं आपल्याला पुण्यात बसून दिसतं असं तो स्वतःच सांगतो. म्हणून पोस्टाचा रस्ता धरला. पाकीट मिळायला तीन दुकानं फिरलो.

झालंय असं, की गेल्या महिन्यात नंदीश आला होता. माझ्या गाडीत बसून बाजारात गेलो. येताना पंपावर त्याने मोबाईलवर काहीतरी हिशेब केला आणि म्हणाला, "अप्पा, पूर्वी गाडी लिटरला अठरा द्यायची, आता पंधरा देतेय. तुमचा पाय जड झालाय. आता गाडी विकून टाकू, रिक्षाने फिरा."

माझा पाय जड! सलग चार वर्षं डिझेल बचतीत डेपोत पहिला आलेल्या माणसाचा पाय! तुला माहीतच आहे, मला राग आला की जीभ ब्रेक मानत नाही. ईरम्मासमोर आणि समोरच्या घरातल्या गुंडा नावाच्या पोरासमोर मी बोलून बसलो, की दिवाळीपर्यंत ॲव्हरेज अठरावर आणून दाखवतो, नाही आणलं तर चावी तुझ्या हातात. त्याने लगेच "ठरलं" म्हटलं. पोरगं माझंच आहे.

आता तूच सांग. तीस वर्षं वर्कशॉपमध्ये तू भिंतीपलीकडून माझ्या गाडीचा खोकला ओळखायचास. ही एवढीशी पांढरी गाडी काय चीज आहे? मी अडुसष्ट वर्षांचा. गाडी गेली तर गॅलरीत बसून कबुतरं बघायची का? मला खरंच काही सुचत नाही.

तुझा,
निंगप्पा


कुर्डुवाडी,
१४ एप्रिल २०२५

निंगप्पा,

राम राम. तुझं पत्र वच्छलाला वाचून दाखवलं. तिने दोन ठिकाणी हसून घेतलं आणि म्हणाली, भावजींच्या पायापेक्षा जिभेचं काहीतरी करा. ते माझ्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून गाडीचं सांगतो.

आधी ॲव्हरेज नीट काढ. एकच पंप, एकच नळी, सकाळची वेळ. पहिल्यांदा खट् झालं की थांबव, वर ठासून भरू नकोस. टायरमध्ये हवा गाडी थंड असताना भर. एअर फिल्टर काढून झटक, फार काळा असेल तर बदल. एकेक चाक जॅकवर उचलून हाताने फिरव. जड फिरलं तर ब्रेक धरतोय. डिकीत तू पान्यांचा डबा, दोरखंड आणि निम्मं घर घेऊन फिरतोस, ते उतरव. आणि उतारावर न्यूट्रल करायची तुझी खोड सोड. या नव्या गाड्या गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की पेट्रोल घेतच नाहीत. न्यूट्रल केलं की उलट पितात, आणि गाडी ताब्यात राहत नाही ते वेगळंच.

बाकी तुला मी काय शिकवू? ट्रेनिंगला तात्याबा मास्तर काय सांगायचे आठवतंय ना? वळण, सिग्नल, म्हैस, शाळेची पोरं, सगळं दोनशे पावलं आधी दिसलं पाहिजे. ज्याला लांबचं दिसतं त्याला ब्रेक लागत नाही, तो नुसता पाय उचलतो. ब्रेक मारला की जाळलेलं डिझेल वाया. ॲव्हरेज पायात नसतं, डोळ्यात असतं. हे वाक्य त्यांनी फळ्यावर लिहून ठेवलं होतं.

तेव्हा एक काम कर. घरापासून सिद्धेश्वर मंदिरापर्यंत जाताना किती ब्रेक मारतोस ते मोज आणि मला कळव. त्यावरून बरंचसं कळेल.

तुझा,
रामहरी


सोलापूर,
११ मे २०२५

रामहरी,

तू सांगितलेलं सगळं केलं. हवा भरली, फिल्टर बदलला, चारही चाकं उचलून फिरवली, ती बिचारी भिंगरीसारखी फिरतात. डिकी रिकामी केली. पान्यांचा डबा घरात आल्यामुळे ईरम्माने एक दिवस अबोला धरला. ब्रेक मोजायचे तेवढे राहून गेले. ते काही महत्त्वाचं नाही.

आता ऐक. सगळं करून ॲव्हरेज किती यावं? तेरा! पंधराचं तेरा झालं. मी पंपावरच्या पोराला दोनदा विचारलं. अरे, औषध घेतल्यावर ताप वाढावा तसं झालंय हे.

मग मला वाटलं, पेट्रोल कुणीतरी काढतंय. समोरच्या गुंडावर संशय घेतला. सरळ जाऊन विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "काका, माझी गाडी बॅटरीवर चालती की." मान खाली घालून परत आलो. टाकीच्या झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून सही केली. आठ दिवस सही जशीच्या तशी, पण काटा मात्र खाली.

मग आपली जुनी युक्ती. डेपोत गाडी कुणी हलवली का बघायला आपण खडूची रेघ मारायचो, तशी मागच्या टायरवर आणि खाली अंगणातल्या सिमेंटवर एकच सरळ रेघ मारली. सकाळी दहाला मी डेपोसमोर बाळासोच्या हॉटेलात जातो, जुने ड्रायव्हर जमतात, बाराला परत येतो. आल्यावर बघितलं तर टायर जमिनीवरच्या रेघेच्या चार बोटं पुढे. दुसऱ्या दिवशीही चार बोटं पुढे. रामहरी, चार बोटं प्रवास करून गाडी जाते तरी कुठे?

आणखी एक. बसलो की स्टिअरिंग पोटाला लागतं. दहा वर्षांत कधी लागलं नव्हतं. पोट सुटलं असं समजून जेवताना एक भाकरी कमी केली. ईरम्मा म्हणाली, बरं झालं. पण खाली हात घालून बघितलं तर सीटच एक खाच पुढे आलेली. मी नाही ओढली. मग कुणी ओढली?

डोकं चालेनासं झालंय. तूच काहीतरी सांग.

निंगप्पा


कुर्डुवाडी,
१७ मे २०२५

निंगप्पा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या तीन वेळा मला काहीच कळलं नाही. चौथ्या वेळी चहा बाजूला ठेवून वाचलं.

पेट्रोल चोरणारा सीट पुढे ओढून बसत नाही. गाडी चोरणारा ती परत आणून चार बोटांच्या अंतराने लावत नाही. पेट्रोल जातंय पण किलोमीटर पडत नाहीत. याचा अर्थ एकच, इंजिन चालतंय आणि चाकं फिरत नाहीत, किंवा अगदी थोडी फिरतात. आणि जो कोणी बसतोय तो तुझ्यापेक्षा बुटका आहे. बॉनेटला हात लावून बघ म्हणणार होतो, पण मे महिन्यात सोलापुरात बॉनेट आणि तवा सारखाच.

तू हॉटेलात असतोस तेव्हा घरी कोण असतं, हे मी तुला सांगायला नको. उद्या हॉटेलात जाऊ नकोस. नाहीतर सरळ ईरम्मा वहिनींना विचार. मला वाटतं त्यांना माहीत असणार. पण त्यांना गाडीत बसून काय करायचं असेल, ते माझ्या डोक्यात येत नाही.

रामहरी


सोलापूर,
२४ मे २०२५

रामहरी भावजींना ईरम्माचा नमस्कार.

तुमचं पत्र यांच्या हातात पडू दिलं नाही. जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याचं पाकीट फोडलं. त्याचं पाप लागलं तर निम्मं तुमच्या माथी, कारण तुम्ही फार खरं लिहिलंत.

व्हय, ती बुटकी मीच.

एप्रिलच्या सुरुवातीला पीयूसीचा कागद हवा होता म्हणून गाडीचा कप्पा उघडला. विम्याच्या कागदांत घडी घातलेला एक कागद होता, डिसेंबरातल्या नेत्रशिबिराचा. उजव्या डोळ्याचा पडदा साखरेमुळे गेला आहे, परत येणार नाही. डावा जपा, औषध चालू ठेवा, गाडी चालवू नका. एवढं सगळं त्यावर लिहिलंय. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. शिबिरातून येऊन हे मला म्हणाले होते, "डॉक्टर म्हणाला, डोळे वाघासारखे आहेत." मी त्या दिवशी कौतुकाने शेंगा-पोळी केली होती भावजी.

तुम्ही म्हणाल, विचारायचं होतं. विचारलं असतं तर यांनी एक तर भांडण काढलं असतं नाहीतर ऐकलं असतं. भांडले असते तर रागाने गाडी काढून लांब गेले असते. आणि ऐकलं असतं तर चावी खुंटीला लावून भिंतीकडे बघत बसले असते. मला या दुसऱ्याचीच जास्त भीती वाटते. आमच्या भावकीतले एक असेच बसले ते परत उठले नाहीत.

म्हणून मी ठरवलं, गाडी घरात राहील आणि मी चालवीन. पलीकडच्या गल्लीतली महेश्वरी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. हे हॉटेलात गेले की ती येते. अंगणात जागा वीस फूट. दहा फूट पुढे, दहा फूट मागे. क्लच सोडला की गाडी उचकी लागल्यासारखी उडते आणि बंद पडते. एसी लावते, कारण काचा उघड्या ठेवल्या तर माझं ओरडणं गल्लीभर जातं. तरी सगळ्या गल्लीला माहीत आहे, गुंडालासुद्धा. फक्त यांना नाही. गाडी मी परत जागेवर लावते, पण चार बोटांचा फरक राहतोच. शिकाऊ परवाना निघालाय. जुलैत पक्का मिळाला की मी स्वतः सांगेन.

तोवर यांना लांब जाऊ देत नाही. अक्कलकोटला जायचं म्हटलं की माझे गुडघे दुखतात. गावात जाताना शेजारी बसून, "म्हैस बघा किती काळी", "टमटमवाला कसा मधेच घुसतोय", असं गप्पा मारल्यासारखं बोलत राहते. यांना वाटतं म्हातारी वटवट करते. जीव मुठीत धरून बसते मी.

पेट्रोलचं एवढं होईल हे मला कुठं माहीत? गाडी जागेवर उभी असली तरी पेट्रोल जातं, हे महेश्वरीनेही सांगितलं नाही. तुम्ही यांना काहीतरी दुसरं लिहा. खोटं लिहा. तुमच्या पाया पडते.

ईरम्मा


कुर्डुवाडी,
२ जून २०२५

निंगप्पा,

उत्तराला उशीर झाला. खूप विचार केला तेव्हा उलगडा झाला.

पेट्रोल हा हलका पदार्थ. सोलापूरचा उन्हाळा जड. तुझं पेट्रोल उडून जातंय. टाकीच्या बाजूला ओलं पोतं टाकत जा. सीटचं म्हणशील, तर आतली स्प्रिंग उन्हाने सैल होऊन ती आपोआप पुढे येत असावी. चार बोटांचं कारणही तेच. सिमेंट तापलं की ताणतं. तेव्हा गाडी पुढे जात नसून जमीन मागे सरकत असली पाहिजे.

जास्त विचार करू नकोस. गावातल्या गावात फिर. वहिनींच्या गुडघ्यांना जप, त्या नको म्हणाल्या तर लांब जाऊ नकोस.

रामहरी


सोलापूर,
१८ जून २०२५

रामहरी,

जमीन सरकली? तीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढलेला माणूस मला सांगतो की जमीन सरकली! तू म्हातारा झालास की मला म्हातारा समजतोस? तरी तुझ्यावर विश्वास ठेवून चार दिवस ओलं पोतं टाकलं. सगळी गल्ली तोंडाला पदर लावून हसत होती. पाऊस पडून हवा थंड झाली, तरी ॲव्हरेज तेराच. आता कशाने उडालं?

तुझ्या डोक्याचं काय झालंय मला कळत नाही. माझ्याच डोक्याचं काय झालंय तेही कळत नाही. पण तू एवढं खोटं लिहिलंस, तर आता मी खरं लिहितो.

तू ब्रेक मोजायला सांगितले होतेस. मी मोजले होते. घर ते सिद्धेश्वर मंदिर, एक्केचाळीस. एसटीत असताना एवढ्या अंतराला मला सहासुद्धा लागले नसते. माझा उजवा डोळा गेलाय रामहरी. डिसेंबरातच कळलं होतं. लांबचं मला दिसतच नाही. जवळ आल्यावर एकदम काहीतरी उभं राहतं आणि मी ब्रेक मारतो. तिसऱ्या गिअरच्या वर जात नाही. मास्तरांचं ते फळ्यावरचं वाक्य तू लिहिलंस तेव्हा पत्र उलटं करून ठेवलं होतं मी.

डाव्या डोळ्यावर भागत होतं. पण सोमवारी हॉटेलातून आलो, दुपारी गाडीत बसलो आणि मधल्या आरशात बघितलं, तर काही नाही. मागचं फाटक दिसायला हवं तिथे नुसता काळोख. डोळे चोळले, परत बघितलं, काळोखच. दहा वर्षं त्या आरशाला मी सोडून कुणी हात लावलेला नाही, तेव्हा चूक आरशाची नाही. डावाही चालला. मी तसाच उतरलो आणि अंगणात उभा राहिलो. ईरम्माने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, पोतं वाळलंय का बघतो.

येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी नंदीश येणार आहे. दिवाळीची वाट कशाला बघायची? चावी त्याला देऊन टाकतो. पोरगं म्हणालं तेच बरोबर होतं. हे माझ्या तोंडून निघायला मला किती जड जातंय, ते तुलाच कळेल.

ईरम्माला यातलं काही कळू देऊ नकोस. तिला वाटतं माझे डोळे वाघासारखे आहेत.

निंगप्पा


कुर्डुवाडी,
२३ जून २०२५

निंगप्पा,

हे पत्र मुद्दाम बाळासोच्या हॉटेलच्या पत्त्यावर पाठवतोय. तुझ्या घरी पत्रं उन्हाने उडून जातात.

माझी अवस्था अशी झाली आहे, की इकडून एकाने तोंड बांधलंय आणि तिकडून दुसऱ्याने. दोघांनाही शब्द दिला. वच्छला म्हणते, दोन शब्द एकमेकांना आडवे आले तर ज्याने कुणाचा जीव घाबरा होतोय तो आधी मोडावा. तेव्हा तुझा डोळ्याचा शब्द मी पाळतो आणि दुसरा अर्धाच मोडतो.

तुझा डावा डोळा ठीक आहे. आरशातला काळोख हा डोळ्याचा नाही. हे मी वर्कशॉपमधल्या तीस वर्षांच्या शपथेवर लिहितोय. जमीन सरकल्याचं लिहिलं ते त्या शपथेवर नव्हतं.

हे पत्र मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा दहाला घरून निघ. हॉटेलात जाऊ नकोस. अर्ध्या तासाने गल्लीच्या कोपऱ्यावर परत ये आणि उभा राहा. जे दिसेल त्यावर ओरडू नकोस. ओरडायचंच असेल तर मला पत्र लिही.

आणि नंदीशला चावी देऊ नकोस. निदान त्याआधी हे कर.

रामहरी


सोलापूर,
३० जून २०२५

रामहरी,

शनिवारी कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. फाटक उघडं होतं. आत माझी गाडी म्हणजे एक पांढरा डाग. डाग पुढे आला, थांबला. मागे गेला, मागचे लाल दिवे भिंतीवर उजळले, विझले, परत उजळले. मनात पहिला विचार आला, कोण का असेना, ब्रेक फार मारतोय. पण सीटवर कोण आहे ते दिसेना. शंभर पावलांवर बसलेली स्वतःची बायको मला ओळखता आली नाही. 

जवळ गेलो. पदर कमरेला खोचून, चपला बाहेर काढून, स्टिअरिंगला छाती टेकवून ईरम्मा बसलेली. शेजारी महेश्वरी. मला बघितलं आणि तिचा पाय क्लचवरून सुटला. गाडीने उडी मारली आणि माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर बंद पडली.

"बाजूला व्हा की!" ती आतून ओरडली. "मरायचं हाय का तुमाला?"

"हे कवापासनं?"

"एप्रिलपासनं."

"मला सांगायचं न्हाय?"

"तुमी सांगितला का डोळ्याचा कागद?"

महेश्वरी दार उघडून उतरायला लागली, "काका, मी जाते." मी म्हटलं, "बस माग. मास्तरीण तू हायस." ती मागे जाऊन बसली आणि मी डावीकडचं दार उघडलं. दहा वर्षांत त्या बाजूने मी या गाडीत बसलो नव्हतो. बेल्टचं टोक सापडेना, ते ईरम्मानेच ओढून लावलं.

तिने हात वर करून मधला आरसा आपल्याकडे जरा खाली वळवला. रामहरी, तेव्हा मला कळलं. त्या सोमवारी ती उतरताना आरसा तसाच राहिला होता. माझ्या उंचीवरून त्यात मागच्या सीटचं काळं कापड दिसत होतं. सीटच्या कापडाला मी आंधळेपण समजून बारा दिवस धड जेवलो नव्हतो. मला हसू फुटलं आणि ते थांबेना, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ईरम्मा घाबरून म्हणाली, "साकु, साकु, पुरे." तिचेही डोळे भरले होते. मागे महेश्वरी मोबाईलमध्ये बघितल्यासारखं करत होती.

"अर्ध्या क्लचवर धरून ठेवतीस तू," मी म्हणालो. "म्हणून पेट्रोल जातंय."

"मग शिकवा की. दहा वर्षं नुसतं शेजारी बसवलं."

काल नंदीश आला आणि गेला. चावीचं मी काही बोललो नाही.

तुझ्यावर मी रागावलेलो आहे. महिनाभर तू मला उल्लू बनवलंस. पण एक गोष्ट मीही स्वतःपासून लपवत होतो. तिच्यामुळे ॲव्हरेज पडलं असं म्हणून मोकळं व्हावं, असं शनिवारी क्षणभर वाटलं. पण ती गाडीत बसली एप्रिलमध्ये, आणि पंधरा तर मार्चमध्येच झालं होतं. तेवढे तीन माझे आहेत.

निंगप्पा


सोलापूर,
२६ ऑक्टोबर २०२५

रामहरी,

मधे चार महिने लिहिलं नाही, कारण मला नोकरी लागली. रोज सकाळी सातला ड्यूटी. ईरम्मा चालवते, मी डावीकडे. पहिल्या महिन्यात आम्ही एवढे भांडलो की महेश्वरीने यायचं बंद केलं. जुलैच्या परीक्षेत ती चढावर गाडी मागे येऊन नापास झाली, घरी येऊन पान्यांचा डबा आदळला. ऑगस्टमध्ये पास झाली. मी तिथे उभा होतो, पण लांब होतं म्हणून दिसलं नाही. तिने येऊन सांगितलं. पासष्ट वर्षांची बाई टाळ्या वाजवत आली, असं महेश्वरी सांगते. मी गाडीला हात लावत नाही. डाव्या डोळ्याचं औषध चालू ठेवलंय, वेळेवर.

दिवाळीला नंदीश आला. पाडव्याला सकाळी पंपावर जाऊन त्याने हिशेब काढला. चौदा. तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "अप्पा, हरलात तुम्ही. चावी?" त्यालाही वाईट वाटत होतं. पोरगं तसं वाईट नाही.

मी म्हटलं, "हरलो. पन चावी माझ्याकडं कुटं हाय? ड्रायव्हरकडं माग."

त्याला काही कळेना. माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. तेवढ्यात ईरम्मा कमरेची चावी काढत आली, चपला काढल्या, सीट एक खाच पुढे ओढली आणि बसली. म्हणाली, "अव्वाबरोबर यायचं आसंल तर माग बस. फुडची जागा यांची हाय." नंदीश तोंड उघडं ठेवून मागे बसला. मंदिरापाशी उतरताना आधी माझ्या आणि मग तिच्या पाया पडला.

येत्या रविवारी आम्ही कुर्डुवाडीला येतोय. तिच्या गुडघ्यांचं दुखणं ऑगस्टपासून बंद आहे. वच्छला वहिनींना सांग, जेवायला थोडा उशीर होईल, कारण ही साठच्या वर जात नाही आणि मी जाऊ देत नाही. कसं चालवतो ते तू येऊन मागे बसून बघ. ती आता गप्पा मारल्यासारखं बोलत नाही, सरळ सांगते. "लांब ट्रॅक्टर हाय." मी म्हणतो, "पाय उचल." गाडी आपोआप हळू होत जाते, मी इंजिनाचा आवाज पायाखालून ऐकत बसतो, आणि बऱ्याच वेळाने तो ट्रॅक्टर मला दिसतो. तोवर आम्ही त्याच्यामागे शांतपणे चाललेलो असतो.

तू विचारलं होतंस, त्याचं आताचं उत्तर देतो. घर ते सिद्धेश्वर मंदिर, ब्रेक अकरा. एकही सोडलेला नाही.

तुझा,
निंगप्पा

ता. क. भावजी, पाकीट मी बंद करतेय म्हणून वाचलं. बारा. एक यांना कळला नाही, इतका हळू मारला.
ईरम्मा